डोक्याला मुका मार लागल्यानंतर हटत नसलेला थकवा: दिवस कसा लावायचा आणि हार्मोनची शंका कशी तपासून घ्यायची

टाके पडले नाहीत, सी.टी. स्कॅन स्वच्छ आला, की घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. त्यात चूक काही नाही, मेंदूत रक्तस्राव नाही ही मोठी गोष्ट असते. पण थकवा स्कॅनमध्ये दिसत नाही. अशा मुक्या माराने मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. त्यात मेंदूच्या पेशी आणि त्यांना जोडणारे तंतू हादरतात, ताणले जातात. त्यांचं काम बिघडतं, रचना मात्र स्कॅनवर जशीच्या तशी दिसते. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत निवळतं. ज्यांचं दोन-तीन महिने उलटून गेले तरी निवळलेलं नाही, संध्याकाळी ज्यांना उभं राहवत नाही, पाळीचं गणित बिघडलंय किंवा अंगात त्राणच उरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय चव्वेचाळीस. ह्यांच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते, रात्रीचा गतिरोधक दिसला नाही आणि मी मागच्या मागे डांबरी रस्त्यावर आपटले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर जे शिकले ते सांगते. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस किंवा निदान इथे शोधू नका. डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय तयारी करायची आणि घरी दिवस कसा रेटायचा, एवढंच यात आहे.

आधी एक तातडीचं. डोकेदुखी तासागणिक वाढतेय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, माणूस नीट जागा राहत नाही, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, झटका आला, हात-पाय लुळा पडतोय, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव येतोय, यातलं काहीही असेल तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला साधा मार लागला तरी दवाखान्यात न्या. हे पहिल्या दिवशी जितकं खरं, तितकंच पुढच्या काही आठवड्यांतही. वयस्कर माणसांत रक्त हळूहळू साठून तीन-चार आठवड्यांनीही त्रास सुरू होतो.

कालनिर्णयच्या चौकोनात काय लिहायचं

डॉक्टरांनी विचारलं, "थकवा कधीपासून?" तर आपण म्हणतो, "कायमच असतो." यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतंच, दुधाचा आणि गॅसचा हिशोब आपण त्यावरच लिहितो. त्याच चौकोनात मी चार गोष्टी लिहायला लागले: रात्री झोप कशी झाली, संध्याकाळी थकवा दहापैकी किती, त्या दिवशी सर्वांत जड काय गेलं, आणि पाळी. पुरुषांनी पाळीच्या जागी सकाळी अंगात जोर वाटतो का, लैंगिक इच्छा आहे का, हे स्वतःला कळेल अशा खुणेने लिहावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

महिन्याचं पान भरल्यावर चित्र दिसायला लागतं. माझ्या पानावर सोमवारचे आकडे वर होते. सोमवारी पतसंस्थेत गर्दी असते, पिग्मी एजंटांचा दोन दिवसांचा भरणा एकदम येतो. पण बारकाईने पाहिलं तर त्रास गर्दीपेक्षा नोटा मोजायच्या यंत्राचा होता. त्याचा फडफडाट, वर लुकलुकणारी ट्यूब आणि त्याच वेळी समोरच्याशी बोलणं, हे तिन्ही एकत्र आलं की अर्ध्या तासात डोळ्यांमागे दाब यायचा आणि व्हाउचरवरचा आकडा वाचूनही डोक्यात शिरायचा नाही. एकेक गोष्ट वेगळी केली तर मला ती झेपत होती. ट्यूब बदलून घेतली, यंत्र काउंटरच्या खाली ठेवलं आणि मोजणी चालू असताना बोलायचं नाही असं सहकाऱ्यांना सांगून टाकलं. पुढच्या महिन्याच्या सोमवारांत फरक दिसला.

दिवस कसा लावायचा

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, हे बरोबर. त्यापुढे अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहणं मात्र उलट बाधतं. खेळाडूंच्या कन्कशनबद्दल २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, तिथेही हेच मांडलं गेलं: सुरुवातीच्या दिवसांतच हलका व्यायाम सुरू करा, लक्षणं थोडी वाढली तर चालतील, फार वाढू देऊ नका. व्यवहारात त्याचा अर्थ असा. काम सुरू करण्याआधी डोक्याचा त्रास दहापैकी तीन असेल आणि काम करताना पाचापर्यंत गेला, तर थांबायचं. तासाभरात तो मूळ पातळीवर आला तर उद्या तेवढंच काम पुन्हा करायचं. आला नाही तर उद्या कमी.

मी सकाळी उन्हाच्या आधी प्रीतिसंगमावर चालायला जायचे. कृष्णा-कोयनेच्या संगमावर सपाट जागा आहे, बसायला बाक आहेत, त्या वेळी वाहनांचा आवाज नसतो. एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. शेजारच्या काकूंशी बोलत चालता येईल एवढाच वेग. दर आठवड्याला थोडं वाढवायचं, आणि एखाद्या दिवशी फार बरं वाटलं म्हणून दुप्पट चालायचं नाही. बरं वाटणाऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायला घेतली की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात, हे या आजाराचं ठरलेलं वळण आहे.

घरकामाचंही तसंच. पोळ्या लाटणं हे माझ्यासाठी भाजी चिरण्यापेक्षा जड होतं, कारण त्यात उभं राहणं, खाली-वर बघणं आणि गॅसची धग एकत्र येते. म्हणून कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये, पोळ्या दोन हप्त्यांत, मध्ये बसायचं. भाजी निवडणं, कोथिंबीर साफ करणं हे बसून, खिडकीकडे पाठ करून. मिक्सर दुसऱ्या कुणीतरी लावायचा. सासूबाईंना वाटायचं, ही दिसते तर ठणठणीत. मी त्यांना कालनिर्णयचं पान दाखवलं. तोंडी सांगण्यापेक्षा ते पान उपयोगी पडलं, आणि दुपारचा चहा त्या स्वतःहून करायला लागल्या.

गणपती, नवरात्र, लग्नाच्या वराती यांची तयारी आधी करायला हवी. डीजे आणि ढोलताशाच्या भिंतीसमोर उभं राहणं झेपणारच नाही. मिरवणूक घरावरून जाणार असेल तर त्या संध्याकाळपुरतं नातेवाइकांकडे जा, किंवा मागच्या खोलीत कानात बोळे घालून बसा. रोज मात्र बोळे घालू नका, कानांना आवाजाची सवय राहिली नाही तर साधा आवाजही बोचायला लागतो. घरात दिवसभर गॉगल लावण्याचंही तसंच आहे.

दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, तीनच्या आधी. चहाही त्यानंतर नको. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत. साधं वाटतं, पण झोप नीट झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याही उपायाचा उपयोग नाही असं माझं ठाम मत आहे. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर त्याची वेगळी तपासणी करून घ्या.

आणि दुसरा मार टाळा. पहिल्यातून बरं होण्याआधी डोक्याला दुसरा धक्का बसला तर त्रास कितीतरी पटीने वाढतो. कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानात उतरू नये. दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं.

हार्मोनच्या आधी बाकीचं

इंटरनेटवर शोधलं की थकव्याचं उत्तर थेट "हार्मोन" असं मिळतं. आपल्याकडे त्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. हिमोग्लोबिन आणि त्यासोबत फेरिटिन, कारण हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. बी-१२, शाकाहारी घरांत तर हमखास. ड जीवनसत्त्व, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम. अंथरुणात कूस बदलताना खोली गरगर फिरत असेल तर ती कानातल्या कणांची चक्कर असू शकते. ती डोकं ठराविक पद्धतीने वळवून जागेवर बरी करता येते, महिनोन्महिने गोळ्या खायची गरज नसते. मान आखडली असेल तर डोकेदुखीचं मूळ तिथेही सापडतं.

चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बसा. चक्कर थांबवायच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की सुस्ती आणि उदासी आणतात. पित्ताच्या अनेक गोळ्यांत पॅन्टोप्राझोलच्या जोडीला डॉम्पेरिडोन असतं. उलटीसाठी ते चांगलं, पण त्याने प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढतं आणि पाळी लांबते. माझी पाळी लांबण्यामागे हेच निघालं. मार लागल्यावर मळमळत होतं म्हणून सुरू झालेली गोळी तशीच चालू राहिली होती. डॉक्टरांनी ती बदलून दिल्यावर प्रोलॅक्टिन खाली आलं.

मनाचंही इथेच सांगते. रडू येणं, चिडचिड, कशातच रस नसणं हे मार लागल्यानंतर पुष्कळांना होतं आणि ते थकव्याला खतपाणी घालतं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट बघू नका, आजच बोला.

पिट्युटरीची शंका कधी घ्यायची

पिट्युटरी, म्हणजे पियूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या छोट्या खोबणीत असते. आकार वाटाण्याएवढा. वरच्या मेंदूला ती एका नाजूक देठाने जोडलेली असते, देठाला लटकलेल्या आवळ्यासारखी. तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या देठातूनच खाली येतात. डोकं जोरात हादरलं की त्या ताणल्या जातात, कधी रक्तपुरवठा तुटतो. थायरॉइड, आजारपणात-ताणात शरीराला सावरून धरणारं कॉर्टिसॉल, पाळी आणि टेस्टोस्टेरॉन, वाढीचं हार्मोन, लघवीवर ताबा ठेवणारं हार्मोन, या सगळ्यांच्या दोऱ्या इथून हलतात.

धोका सर्वांना सारखा नसतो. आयसीयूत राहावं लागलं, कवटीच्या तळाचं हाड मोडलं, स्कॅनमध्ये रक्त दिसलं, अशांना जास्त. साध्या कन्कशनमध्ये बराच कमी, म्हणून प्रत्येकाची तपासणी सरसकट करत नाहीत. वारंवार मार खाणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. तुर्कस्तानात बॉक्सर आणि किकबॉक्सर यांच्यावर झालेल्या अभ्यासांत काहींच्या पिट्युटरीचं काम मंदावलेलं आढळलं.

शंका घ्यायची ती अशा वेळी: पाळी बंद झाली किंवा फार लांबली, बाळ नसताना स्तनातून दूध येतंय, पुरुषांमध्ये इच्छा आणि ताठरता गेली, दाढी कमी वाढतेय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, भूक नाही, वजन उतरतंय, सोडियम कमी आलंय, बाकीच्यांना घाम फुटलाय आणि आपल्याला थंडी वाजतेय, रात्रीतून चार-चार वेळा भरपूर, पाण्यासारखी लघवी आणि घसा कोरडा. यातली बरीच लक्षणं नुसत्या कन्कशननेही येतात, हे खरं. म्हणूनच अंदाज न बांधता रक्ताला विचारायचं, आणि तेही एकदा पण पूर्ण.

नमुना कसा द्यायचा, कागद कसा वाचायचा

जमल्यास एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. आमच्याकडून पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, म्हणून तपासण्या त्यांना विचारून आधी इथेच करून घेतल्या, फेरी वाचली. साधारण यादी अशी असते: सकाळचं कॉर्टिसॉल, टी.एस.एच. (थायरॉइडला हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) दोन्ही, प्रोलॅक्टिन, बीजांडकोश किंवा वृषणांना चालना देणारी एल.एच. आणि एफ.एस.एच., बायकांत इस्ट्राडायॉल, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारं आय.जी.एफ.-१ आणि सोडियम.

कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा दहा-साडेदहाला आला तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून लॅब उघडल्या उघडल्या स्वतः जा आणि नळीवर वेळ लिहून घ्या. टेस्टोस्टेरॉनही सकाळीच, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने फसवे येतात. किती दिवस आधी बंद करायचं ते विचारा. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल उगाच वाढलेलं दिसतं. आणि दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, चेहऱ्यावरचं स्टिरॉइडचं मलम, गावाकडच्या वैदूची बिननावाची पुडी, हे सगळं न लपवता सांगा. स्टिरॉइडने शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं आणि मग दोष नाहक डोक्याच्या मारावर जातो.

आता कागद. माझ्या पहिल्या रिपोर्टवर फक्त टी.एस.एच. होतं, १.८, समोर "नॉर्मल". गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच बिघडली असेल तर टी.एस.एच. वाढतं आणि बिघाड सापडतो. पण इथे शंका टी.एस.एच. बनवणाऱ्या पिट्युटरीवरच आहे. तीच मंद असेल तर थायरॉइड कमी असूनही टी.एस.एच. साळसूदपणे नॉर्मल दिसतं. फ्री टी-४ जोडीला हवं ते यासाठी. हेच वयामुळे पाळी गेलेल्या बायकांचं: त्या वयात एफ.एस.एच. चढं असायला हवं, ते खालीच असेल तर ती खूण आहे.

सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर कमतरता जवळपास नक्की, १५ च्या वर असेल तर शक्यता फारच कमी. माझं ७ आलं, म्हणजे अधलंमधलं. अशा वेळी इंजेक्शन देऊन ठराविक वेळाने पुन्हा कॉर्टिसॉल बघतात. आपल्याकडे त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ॲक्टन प्रोलाँगॅटम नावाचं इंजेक्शन वापरतात. मार लागून चार-सहा आठवडेच झाले असतील तर ही चाचणी खोटा दिलासा देऊ शकते, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. माझी व्यवस्थित आली. वाढीच्या हार्मोनचा मात्र सहज काढलेला एकच आकडा निरुपयोगी असतो, त्याची चाचणीही औषध देऊन दवाखान्यातच करतात.

माझी पिट्युटरी ठीक निघाली. फेरिटिन ९ होतं, गोळीमुळे प्रोलॅक्टिन वाढलं होतं, झोप मोडलेली होती आणि मेंदू अजून सावरत होता. लोहाने आणि झोपेने बराच थकवा ओसरला. माझ्या नात्यातल्या एका कबड्डीपटूचं उलट झालं. तो महिनोन्महिने "आळशी झालाय" असं ऐकत होता आणि त्याचं कॉर्टिसॉल खरंच तळाला निघालं. दोघांनाही लक्षणं जवळपास सारखीच होती.

कमतरता निघालीच तर

क्रम फार महत्त्वाचा आहे. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉलची गोळी (हायड्रोकॉर्टिसोन), मग थायरॉइडची (थायरॉक्सिन). उलट केलं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे शेजारणीची थायरॉइडची गोळी "घेऊन तर बघ" म्हणून घ्यायची नाही. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं की ते स्वतःहून थांबवायचं नाही. ताप आला की डोस किती वाढवायचा आणि उलट्या होऊन गोळी टिकली नाही तर इंजेक्शनसाठी कुठे जायचं, हे लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पाकिटात, मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा. एकादशी, नवरात्राचे निर्जळी उपास या लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. शंका असून तपासणी व्हायची असेल तरीसुद्धा नको, साखर आणि रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

मूल हवं असलेल्या पुरुषांनी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेण्याआधी ते सांगायलाच हवं, कारण त्याने शुक्रजंतू घटतात, आणि त्यासाठी वेगळा उपचार असतो. जिममध्ये किंवा ऑनलाइन "एनर्जीसाठी" विकली जाणारी वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं निदानाशिवाय अजिबात नकोत.

डॉक्टरांकडे जाताना नेण्याची फाईल: डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट, कालनिर्णयची पानं, गोळ्यांची यादी, आणि एका कागदावर तीनच प्रश्न. नोकरी असेल तर चौथी गोष्ट मागून घ्या. "विश्रांतीची गरज" एवढंच लिहिलेल्या दाखल्यापेक्षा "पहिले काही आठवडे अर्धा दिवस, मध्ये विश्रांती, गोंगाटाचं काम नको" असं लिहिलेला दाखला साहेबांना जास्त समजतो. मला सकाळचं काउंटर मिळालं आणि दुपारची टॅली सहकाऱ्याने घेतली.

पहिल्या तपासणीत सगळं ठीक निघालं पण थकवा तसाच राहिला, तर मार लागल्याला वर्ष होताना पुन्हा एकदा तपासा. काही कमतरता पहिल्या वर्षात आपोआप भरून येतात, काही उशिरा दिसायला लागतात. दोन्ही वेळचे कागद एकाच फाईलमध्ये आणि शक्यतो एकाच लॅबचे असू द्या, म्हणजे आकडे शेजारी ठेवून बघता येतात.